डाव्या चाकाचा पाइप

रुग्णांना डायलिसिसला नेणारी संस्थेची जुनी व्हॅन सतरा वर्षं मावशीच चालवत होत्या. तिची प्रत्येक कुरकुर त्यांना घरातल्या माणसाच्या खोकल्यासारखी ओळखू येई. ब्रेक सोडला तरी डावं चाक अडून राहतं, गाडी डावीकडे ओढते, हे त्यांनी वहीत तीनदा लिहिलं. संस्थेच्या व्यवस्थापकांनी तिन्ही वेळा खाली ‘पाहिले’ एवढंच लिहून सही ठोकली.

चौथ्या सकाळी मावशींनी चाकच काढलं. चाकाकडे ब्रेक ऑइल नेणारा रबरी पाइप फुगला होता, वाकवला की भेगा तोंड उघडत होत्या. बोटाला ओल लागली. त्यांनी किल्ली कमरेला खोचली आणि आत जाऊन सांगितलं, गाडी निघणार नाही.

व्यवस्थापकांचं म्हणणं, गॅरेजवाला पुढच्या आठवड्यापर्यंत मोकळा नाही. तोवर टेप गुंडाळा आणि सांभाळून चालवा. व्हरांड्यात पाच रुग्ण ताटकळत बसले होते, तिकडे त्यांनी बोट दाखवलं.

“त्यांच्यासाठीच म्हणतेय, साहेब. उतारावर ब्रेक गेला तर सांभाळायचं कशानं?”

दुसरा ड्रायव्हर बोलावतो, असा दम व्यवस्थापकांनी दिला.

“बोलवा. किल्ली मी देणार नाही.”

डायलिसिस केंद्रात फोन करून मावशींनी तासभर उशीर होईल म्हणून कळवलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा पाइप आणला आणि गाडीखाली शिरल्या. ड्रायव्हरनं गाडी उघडायची नाही असा नियम आहे, हे व्यवस्थापक त्यांच्या पायांना ऐकवत राहिले.

नट गंजून घट्ट बसला होता. तेल सोडलं, थांबल्या, मग पान्यावर अंगाचा भार टाकला. पाना निसटला आणि बोटाचं सालपट निघालं. फडकं गुंडाळून त्या पुन्हा भिडल्या. नवा पाइप पीळ न पडू देता बसवला, स्टिअरिंग दोन्हीकडे पुरतं फिरवून तो कुठे घासत नाही ना ते पाहिलं.

आता पाइपात शिरलेली हवा काढायची, म्हणजे ब्रेकवर कुणीतरी पाय ठेवायला हवा. रुग्णांतले निवृत्त मास्तर उठायला लागले. मावशींनी त्यांना हातानंच बसवलं.

“साहेब, तुम्ही बसा आत.”

पाचही रुग्णांचे डोळे व्यवस्थापकांवर खिळले. ते बसले.

“दाबा. धरून ठेवा. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही.”

त्यांनी आधीच सोडला. बारीक फुसफुस झाली, हवा परत आत. मावशींचा आवाज चढला नाही. “पुन्हा पहिल्यापासून,” एवढंच त्या म्हणाल्या. रुग्णांमधल्या शिलाईकाम करणाऱ्या बाई पदराआड हसल्या. पाचव्या खेपेला बुडबुड्याविना स्वच्छ ऑइल आलं, पेडल पायाखाली टणक लागलं. चाक चढवून मावशींनी रिकाम्या आवारात सात-आठ वेळा ब्रेक मारून पाहिला. गाडी सरळ रेषेत थांबली, तेव्हा कुठे त्यांनी रुग्णांना आत घेतलं.

परवानगीविना गाडीला हात लावल्याबद्दल खुलासा मागणारा कागद दोन दिवसांनी आला. मावशी तेव्हा उजवीकडचा पाइप बदलत होत्या. तो अजून धड होता, पण वय तेवढंच. त्यांनी हात पुसले, कागद बॉनेटवर ठेवला आणि खाली लिहिलं: ‘हात लावला. गरज पडली की पुन्हा लावीन.’ सही केली, आणि पाना उचलला.