लायटरवरचा शब्द

आमच्या वहिनीच्या स्वयंपाकघरात सध्या जिकडेतिकडे इंग्रजी चिकटलेलं आहे. चाळिशी उलटल्यावर तिने नोकरीच्या मुलाखतीसाठी इंग्रजीचा क्लास लावला आणि शब्द लक्षात राहावेत म्हणून चिठ्ठ्या वस्तूंवरच डकवल्या. फुगून अडणाऱ्या मागच्या दारावर ‘ऑब्स्टॅकल’. थंडीत आंबायला वेळ लावणाऱ्या इडलीच्या पिठावर ‘पेशन्स’. आणि चटचट करून बोट दुखेपर्यंत न पेटणाऱ्या लायटरवर ‘पर्सिव्हिअरन्स’, म्हणजे चिकाटी.

मला आधी हसू आलं. मग वाटलं, ‘चटका’ हा शब्द तरी आपण कोशातून शिकलो होतो का? तव्याला हात लागला आणि तो आला, कायमचा.

काल ती दारातूनच ओरडली, “भाऊजी, निवड झाली! ‘तुमचा मोठा गुण कोणता?’ म्हणाले, आणि मला आपला लायटरच दिसला. धडाधड बोलले मी इंग्रजीत!”

चहा ठेवायला गेली, तर लायटर नेहमीसारखाच रुसलेला. ती हसत दाबत राहिली, आणि भप्पकन ज्योत फुलली.

मग लायटरवरची चिठ्ठी सोलून तिने आरशावर चिकटवली, रोजच्या टिकल्यांच्या शेजारी.

“आता ही माझी,” ती म्हणाली.