सोनवणे सरांची मखमल

समस्त सूक्ष्मजीवप्रेमी जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नव्वदच्या दशकात सुरतेतल्या आमच्या कॉलेजात मखमलीचा एक तुकडा एका माणसाच्या डॉक्टरेटवर उठला होता. माणूस म्हणजे आमचे सोनवणे सर. मूळचे धुळ्याकडचे, वाढले सुरतेच्याच लिंबायतमध्ये, वडील लूमवर कामाला. कुठलंही कापड सर आधी उजेडात धरत, मग फिरवून बघत. "नाहीतर बाजारातून ताका, म्हणजे अख्खा तागा, रिटर्न येतो," म्हणत. माझ्या लग्नात नवरीच्या शालूलाही त्यांनी सोडलं नाही! "पोत बरा शे," असा अहिराणीत निकाल लागला, तेव्हा कुठे भटजी पुढे सरकले.

सर एक बिघडलेला जंतू शोधत होते. पेशीत प्रथिनं बनवणारं यंत्र म्हणजे रायबोसोम. त्याच्या स्वतःच्या काही प्रथिनांना जंतू बारीकसे रासायनिक गट चिकटवतो. हे चिकटवण्याचं जनुक मोडलं, तर जंतू उष्णतेत तगणार नाही, असा सरांचा अंदाज. म्हणून प्लेटवरच्या जंतूंच्या वसाहतींवर मखमल दाबायची आणि ठसा नव्या प्लेटवर उमटवायचा. एक प्लेट गार ठेवायची, एक गरम; प्रत्येकीला मखमलीचा वेगळा तुकडा. जी वसाहत गारव्यात उगवली आणि गरमीत गायब झाली, तिची प्रथिनं पुढे तपासायची. मखमल अर्थातच पांडेसऱ्याच्या गिरणीतली, सेकंड माल, म्हणजे खोट निघालेली.

प्रबंधाची मुदत संपत आली आणि एका सकाळी गरम प्लेटवर ती रिकामी जागा दिसली. गाईडसाहेबांनी ताबडतोब पेढे मागवले.

"सोनवणे, लखी नाखो! लिहायला बसा!"

सर मखमल उजेडात धरून उभे. "साहेब, इथं लव विरळ वाटतेय. तुकडा फिरवून परत ठसा घेतो."

"अरे भाई, अन् जागा भरली तर? मुदत सोमवारी संपते!"

"तर जंतू शाबूत, कापड बिघडलेलं."

मी तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकत होतो; हळूच म्हणालो, "सर, कशाला फिरवता?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी हातातला पेढा परत ठेवला.

मूळ प्लेट तीच, मखमल तीच, फक्त पाव वळण दिलेली. दुसऱ्या सकाळी सरांनी गरम प्लेट बाहेर काढली. कालची जागा वसाहतीनं गच्च भरली होती. रिकामं टक्कल मखमलीसोबत पाव वळण सरकलं होतं.

साहेब खुर्चीत बसले. सर पुढे निवृत्तही नुसते सोनवणे म्हणूनच झाले, नावामागे 'डॉक्टर' न लागता. पण त्या क्षणी त्यांनी प्लेट साहेबांपुढे ठेवली आणि अख्ख्या लॅबला ऐकू जाईल असे ओरडले, "घ्या साहेब, ताका रिटर्न!"