चिखल्याच्या भिंतीवरचं मॉस

तुमसर रोडला उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत ब्लेडची पाकिटं, टिपकागद आणि बायकोने बळेच दिलेली माकडटोपी होती. सत्तरी ओलांडलेला माणूस शेवाळ गोळा करायला पुण्याहून आलाय, हे डब्यात कुणाला पटलं नव्हतं. शेवटी मी नातेवाइकांकडे चाललोय असं सांगितलं, तेव्हा लोकांनी बसायला नीट जागा दिली.

चिखल्याच्या खाणीपर्यंत ऑटोने मँगनीजच्या ट्रकांमागून गेलो. रस्ता, पळसाची पानं, ऑटोवाला, सगळ्यांवर एकच काळसर धूळ.

"बाबाजी, खानीत नोकरी होती का तुमची?" त्याने विचारलं.

"नाही. पण तिथल्या एका भिंतीमुळे मला बढती मिळाली होती."

"मंग चांगली भिंत हाय."

ती भिंत कामगार वसाहतीच्या मागे आहे, टेकडीतून झिरपणारं पाणी अडवणारी. वीसेक वर्षांपूर्वी तिच्यावरचं मॉस मी प्रयोगशाळेत नेलं. मॉस म्हणजे ओल्या दगडांवरची ती मखमली झाडं, ज्यांना आपण सरसकट शेवाळ म्हणतो. त्याच जातीचं मॉस माझी विद्यार्थिनी सुनंदा हिने अड्याळहून, वडिलांच्या बोडीवरून (शेताकाठचं लहान तळं) आणलं होतं. पानं ब्लेडने बारीक चिरायची, पेशींची केंद्रकं रंगवायची आणि यंत्रातून सोडायची. एका केंद्रकात डीएनए किती, ते यंत्र सांगतं. चिखल्याचं मॉस अड्याळच्या बरोबर दुप्पट निघालं.

फुलझाडांमध्ये डीएनएचा हा पसारा वाटेल तसा कमीजास्त असतो. मॉस त्या मानाने जपून राहणारी मंडळी. म्हणून दुप्पट ही बातमी होती. खाणीच्या पाण्यात टिकण्यासाठी या मॉसने आपला जनुकसंच दुप्पट केला, असा शोधनिबंध मी लिहिला.

सुनंदा तेव्हा म्हणाली होती, "सर, बोडीच्या मॉसचे आपण कोवळे शेंडे कापले, आणि खाणीच्या मॉसची जून पानं. जून पेशी डीएनएची दुसरी प्रत काढून ठेवतात आणि न विभागता तशाच बसून राहतात. दोन्हीकडचे शेंडेच कापून बघू ना."

मी बघितलं नाही. निबंध पाठवला. ती ऐकेना, तेव्हा तिला यंत्रच चालवता येत नाही, असं विभागात सांगितलं. तिला यंत्र माझ्यापेक्षा चांगलं चालवता येत होतं. ती संशोधन सोडून गावी गेली. निबंधाचे दाखले लोक अजून देतात.

चिखल्याला पोचलो तर भिंत पांढरीशुभ्र. शेजारी एक बाई कपडे वाळत घालत होत्या.

"काय पायता जी?"

"इथं शेवाळ होतं."

"खरडून टाकलं. मानसं घसरून पडून राहिले होते. मंग चुना मारला. तुमाले कायले पायजे? दवाई करता का?"

"मोजायचं आहे."

त्यांनी मला खालीवर पाहिलं. "मंग मागच्या अंगाले मोजा. तिकडं कचऱ्याबिगर कोनी जात नाही."

मागच्या बाजूला, फुटक्या बादल्यांच्या वर, मॉस होतं. पाकिटात भरलं आणि उतरताना घसरून बसलो. पँट हिरवी झाली.

"म्हनूनच खरडलं होतं जी," बाई म्हणाल्या, आणि लाखोरीच्या (या भागातल्या एका कडधान्याच्या) डाळीचे गरम भजे आणून दिले. मी उभ्यानेच खाल्ले.

अड्याळला सुनंदाचं कृषी केंद्र आहे, बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं. मी गेलो तेव्हा तिने खुर्ची पुसून दिली. मी पाकीट टेबलावर ठेवलं. "चिखल्याचं आहे. बोडीचंही हवंय. नागपूरला यंत्राची सोय केली आहे. दोन्हींचे शेंडे तू काप."

"मले यंत्र चालवता येत नाही ना, सर."

उत्तर मी पुण्यापासून तयार करून आणलं होतं. तेवढ्यात एक शेतकरी आत आला. "ताई, धानावर तुडतुडे आले. काहीतरी द्या." तिने त्याला बाटली दिली, किती पाण्यात किती घालायचं ते दोनदा सांगितलं. तो गेल्यावर मी म्हणालो, "ते मी खोटं बोललो होतो." हे तयार केलेलं उत्तर नव्हतं.

तिने शटर अर्धं ओढलं. "चला. उजेड हाय तोवर बोडीवर जाऊन येऊ."

दुसऱ्या दिवशी नागपूरला तिने ब्लेड हातात घेतलं. चिखल्याचे शेंडे, मग बोडीचे. पडद्यावरच्या आलेखात दोन्हींचा पहिला उंचवटा एकाच जागी आला, म्हणजे डीएनए सारखाच. मॉसमध्ये जनुकसंच दुप्पट होतो, हे खोटं नाही. या मॉसमध्ये झाला नव्हता. मग मी न सांगता तिने चिखल्याची जून पानं चिरली. उंचवटा सरकून दुपटीच्या जागी जाऊन बसला.

"हा तुमचा पेपर, सर," ती म्हणाली.

कँटीनमध्ये चहा पिताना मी दुरुस्तीचा मसुदा लिहिला. तिने वाचला आणि 'तांत्रिक त्रुटी' हे शब्द खोडले. "तांत्रिक कुठली? मी सांगितलं होतं, ते लिहा."

"यंत्राचंही लिहू?"

"तेच आधी लिहा."

पुण्याला परतलो. टोपी वापरलीच नाही, यावरून थोडं ऐकून घेतलं. मॉसचा उरलेला तुकडा खिडकीत बशीत ठेवला आहे. त्याने आयुष्यात काहीच विशेष केलं नव्हतं आणि त्याच्या नावावर मी इतकी वर्षं पराक्रम सांगत होतो. दुरुस्ती पाठवली. संपादकांनी विचारलं की, सुनंदाला यंत्र उत्तम चालवता येत होतं, या पहिल्या वाक्याचा निष्कर्षाशी संबंध दिसत नाही, तर ते काढावं का?

मी कळवलं, जागा कमी पडत असेल तर निष्कर्ष काढून टाका.