टी-शर्टावरची ओढणी

"ओढणी नीट घे. पाठीवरची अक्षरं दिसू देऊ नको. आणि तिथे खाली बस."

शिबिराचे सर माह्याशीच बोलत होते. आंजीजवळच्या एका गावात, शाळेच्या पटांगणात, भर दुपारी. माह्या अंगावर आमच्या कॉलेजच्या सेवा शिबिराचा पिवळा टी-शर्ट होता. पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, स्वयंसेवक. समोर सतरंजीवर गावातल्या बाया रांगेनं बसल्या होत्या अन् नागपूरहून एक पाहुण्या बाई ब्लँकेट वाटाले आल्या होत्या. दिवस कापूस वेचाईचे. निम्म्या बाया वावरात निघून गेलेल्या. फोटोत रांग लहान दिसन म्हणून सरांनी आम्हा पोरीयकडं पाह्यलं. एकीवरून दुसरीवर नजर गेली. माह्यावर आली अन् थांबली.

माह्या शेजारी माही मैत्रीण उभी होती. हिंगणघाटच्या कापड दुकानदाराची पोरगी. तोच टी-शर्ट, माह्यासारखीच सावळी, माह्याहून हडकुळी. तिच्यावर नजर थांबली नाई. पहिल्या दिवशी ओळखी झाल्या तेव्हा सरांनी एकट्या मलेच आडनाव दोनदा विचारलं होतं. मले वाटलं, ऐकू आलं नसन. एवढी भोळी होती मी.

"दोन मिनिटांचं काम आहे," सर म्हणाले.

मी बसली.

आमचं घर हिंगणघाटच्या बौद्ध वस्तीत. बाप लहानपणीच गेला. आई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाले जाते. वस्तीत दरसाल कोणी ना कोणी काही द्याले येत. कधी वह्या, कधी स्वेटर, कधी बुंदीचं पाकीट. पुकारा झाला का आई कामावर खाडा करून आमचे केस विंचरे, तोंड धुवे अन् विहारासमोरच्या रांगेत बसवे. मान खाली, हात पुढं. देणाऱ्याचं तोंड मले कधी दिसलंच नाई, बूट तेवढे दिसत. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, एक दिवस आपण त्या बाजूनं उभं राहाचं. म्हणून कॉलेजात शिबिराचं नाव निघालं तशी मी सगळ्यायच्या आधी धावली.

आईले केवढा आनंद! घरातली एकुलती एक जाड चादर तिनं माह्या पिशवीत कोंबली. म्हणे, तिकडं वावरातली थंडी असन, मले काय, गोणपाटही पुरते. अन् वस्तीभर सांगत फिरली, "माही पोरगी आता देणाऱ्यायत गेली."

देणाऱ्यायत. त्या एका शब्दावर मी शिबिरभर हवेत होती. नाल्या उपसल्या. झाडं लावले. घरोघरी जाऊन बायांना हात धुवाचे धडे देल्ले, जसं काही त्यायनं जन्मात हात धुतलेच नव्हते. खरं सांगते, मीही त्या गावाकडं वरूनच पाहत होती. वाटे, बिचारे लोक, आपण आलो म्हणून यायचं भलं होऊन राह्यलं. टी-शर्ट घातला का माणूस लवकर उंच होते.

अन् आता त्याच टी-शर्टावर ओढणी घेऊन मी खाली बसली होती.

शेजारी सुभद्राबाई होती. आदल्या दिवशी याच म्हातारीनं आमच्या टोळीले घरी बसवून ज्वारीची भाकर अन् अंबाडीची भाजी खाऊ घातली होती. तिनं मले ओळखलं.

"तुले काऊन बसवलं वं?"

"रांग कमी पडली."

"मंग एवढ्या पोरीयत तूच काऊन?"

मी ओढणी अजून पुढं ओढून घेतली. म्हातारी माह्याकडं पाहत राह्यली. समजली असन. मग हळूच सांगाले लागली, तिच्या घरी गोधड्यायची चळत हाय, ब्लँकेट तिले कायले पाह्यजे? पण सरपंच म्हणाला, पोरं दुरून आले, राबले, पाहुण्यायले नाराज करू नका. म्हणून आजचा वेचा बुडवून ती आलती. बाकीच्याही तशाच.

"घ्याले नाई आलो वं आमी," ती म्हणाली. "तुमचा मान ठेवाले आलो."

मले कोणी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. जिंदगीभर मी समजत होती, खाली बसला तो घेणारा अन् उभा तो देणारा. अन् इथं ह्या बाया आपला दिवस आम्हाले देऊन बसल्या होत्या. माही आईही खाडा करून बसे. ती कोणाचा मान ठेवत होती? अन् तिचा कोणी ठेवला?

तेवढ्यात पाहुण्या बाई आल्या. ब्लँकेट माह्या मांडीवर ठेवलं. गोड आवाजात म्हणाल्या, "मुलांना शाळेत पाठवतेस ना? पाठवायचं हं." मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाले. फोटोवाला म्हणाला, हात जोडा. मी जोडले.

पाहुणे जेवाले गेले तसे सर आले. "ते ब्लँकेट इकडे दे. गावासाठी मोजून आणलेत."

संध्याकाळी फोटो कॉलेजच्या ग्रुपवर आला. त्याच्याखाली माह्या मैत्रिणीनं हसरं तोंड टाकलं होतं. माह्यासंग एका ताटात जेवणारी पोरगी. तिच्याशी भांडाचंही सुचलं नाई मले. आमच्या वस्तीतली एक पोरगी त्याच ग्रुपवर होती. तिनं फोटो आईले दाखवला. आईचा फोन आला.

"थंडी वाजून राह्यली का वं तुले?"

मले आधी समजलंच नाई.

"माही चादर पातळ पडली का? मले सांगतलं असतं त म्या कोणापासून मांगून पाठवली असती. तू कायले हात जोडले पोरी?"

मी हमसून हमसून रडली. मग सगळं सांगतलं.   आई म्हणाली, "म्हंजे तुलेबी बसवलंच त्यायनं." रागानं म्हटलं असतं त मले चाललं असतं. ती थकून बोलली. ते मले आजही सहन होत नाई.

दुसऱ्या दिवशी समारोप. प्राचार्य येणार, पेपरवाले येणार. सुभद्राबाई अन् बाकीच्या बाया वावरात गेलत्या, एक दिवस देल्ला तेवढा पुरे. सतरंजी रिकामी. सर माह्याजवळ आले. "कालच्यासारखं बस."

मी ओढणी काढली. घडी करून हातात घेतली.

"नाई बसणार."

"अगं, ही सेवा आहे. सेवेत कसला आलाय मान-अपमान?"

"मंग तुम्ही बसा सर. मी वाटते."

 सरांचं तोंड लाल. दातओठ खात म्हणाले, "तुम्हा लोकांचं हे असंच."

तुम्हा लोकांचं. आडनाव दोनदा काऊन विचारलं होतं, ते असं चारचौघांत बाहेर आलं. माही मैत्रीण खाली पाहत होती. मी पिशवी उचलली, आईची चादर खांद्यावर टाकली अन् सुभद्राबाईच्या वावरात गेली.  तिनं वेचलेला कापूस टाकाले माह्या कमरेले ओटी बांधून देल्ली. दिवस कलेपर्यंत मी कापूस वेचला. बोंडं टोचून बोटं सोलले. मग एसटीनं घरी आली.

तो टी-शर्ट आईनं धुतला. जिनिंगमध्ये रुईची धूळ नाकातोंडात जाते, म्हणून ती आता तोच तोंडाले बांधते. अक्षरं आतल्या बाजूनं. देणाऱ्यायत गेलेल्या पोरीची गोष्ट तिनं पुन्हा कोणाले सांगतली नाई.

पुढच्या हिवाळ्यात वस्तीत स्वेटरवाले आले. पुकारा झाला. आईचा हात सवयीनं फणीकडं गेला. मी विहारासमोर जाऊन उभी राह्यली. त्यायले म्हटलं, द्याचं असन त घरोघरी जा. दार वाजवा, चपला बाहेर काढा, आत बसा, चहा घ्या. मग घरच्या बाईले विचारा, तिले काय पाह्यजे. फोटो नाई, रांग नाई. ते एकमेकांकडं पाहत राह्यले. मग स्वेटरची पोती परत गाडीत भरून निघून गेले.

वस्तीनं मले शिव्या घातल्या. लेकरायच्या तोंडचा घास काढला म्हणाले. खोटं नाई ते. त्या साली थंडी कडक पडली. लेकरं कुडकुडले, मी ते पाह्यलं, माह्याच्यानं झोपवलं नाई.

तरी यंदाही ते येतीन तेव्हा मी तिथंच उभी राहीन. आमच्या वस्तीत आता रांग बसणार नाई.