भांड्याची ऊब

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी सांगलीच्या कॉलेजात माझा प्रोजेक्ट होता. द्रावणातून किती घन पदार्थ स्फटिक होऊन बाहेर पडला, ते उष्णतेवरून मोजायचं. थर्मासमध्ये सोडियम अ‍ॅसिटेटचं अतिसंपृक्त द्रावण घ्यायचं आणि त्यात एक बारीक खडा टाकायचा. बघता बघता पांढरे काटे पसरतात, पारा चढायला लागतो. स्फटिक जितके जास्त, तितकी उष्णता जास्त. पण माझं गणित दर वेळी कमी यायचं. गाळून वजन केलं की घन पदार्थ त्याहून बराच जास्त भरायचा.

माझे वडील साताऱ्याकडच्या एका साखर कारखान्यात पॅनमन होते, म्हणजे मोठ्या भांड्यात पाक आटवून साखरेचा दाणा धरवणारे. शिक्षण सातवीपर्यंत, पण उकळत्या पाकाचा थेंब काचेवर घेऊन, बोटानं चोळून, दाणा कितपत धरलाय ते सांगायचे. फोनवर त्यांनी माझी अडचण नीट ऐकून घेतली. मग म्हणाले, "भांडंबी तापतंय की गं. त्येची ऊब धरलीस का?"

तीन आठवडे मी रडकुंडीला आले होते. "अण्णा, हा तुमचा कारखाना नाही," मी म्हणाले. ते नुसतं बरं म्हणाले आणि जेवलीस का, विचारलं.

चार दिवसांनी प्रोजेक्टच्या मॅडमनी माझी वही बघितली आणि तेच विचारलं. मग गरम आणि गार पाणी मिसळून थर्मासची काच किती उष्णता खाते ते काढलं, गणितात धरलं. आकडा वजनाशी जुळला. फोनवर माफी मागायची लाज वाटली, म्हणून रविवारी घरी जाऊनच सांगायचं ठरवलं.

शनिवारी दुपारी कामावरच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला.

साताऱ्याच्या दवाखान्यात ते नऊ दिवस होते. वाचा गेली होती. मी हात धरून सांगितलं, "अण्णा, तुमचंच बरोबर होतं. भांडंच उष्णता खात होतं." ते माझ्याकडे बघत होते. पण नर्स आली तेव्हा तिच्याकडेही तसेच बघत राहिले. मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं सांगितलं. शेजारच्या खाटेजवळची माणसं वळून बघायला लागली. दहाव्या दिवशी ते गेले.

तेरावं झाल्यावर घाईघाईत प्रोजेक्ट लिहून दिला. आभाराचं पान एका सीनियरचं बघून उतरवलं होतं. बांधलेली प्रत घरी नेली, तेव्हा आईनं ते पान बोट फिरवत हळूहळू वाचलं.

"ह्यांचं कुठं लिवलंयस?"

राहिलं, मी म्हणाले.  ती पुढची आकड्यांची पानं एकेक करून उलटत बसली.