शेंद्र्याच्या शेडमधली दुपार

नव्या टायरचा वास आला की मला शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या पत्र्याच्या शेडमधली दुपार आठवते. आम्ही तिघं मित्र एकाच कारखान्यात कामाला होतो आणि जुनी जीप घेऊन जैसलमेरच्या वाळूत आठ दिवस हिंडायचा बेत करत होतो. बॉनेटवर नकाशा पसरलेला, वर पत्रा तापलेला, कपाळाचा घाम नकाशावर टपकत होता. मी टायर बसवत होतो. "वाळूत गाडी मी आन् ह्यो चालवणार," माझा सगळ्यात जवळचा मित्र तिसऱ्याकडं बोट दाखवत मला म्हणाला. "तू नाय. अजिंठ्याच्या घाटात तू आपल्याला मारलंच व्हतं." तो खरं बोलत होता. पण तिसरा हसला आणि ते हसणं मला सहन झालं नाही. हातातला चाकाचा पाना मी सरळ फिरवला. तो मित्राच्या डाव्या कानाजवळ बसला. मित्र बॉनेटवर आडवा झाला, नकाशावर रक्त पसरलं, तरी मी पुन्हा हात उचलला. तिसऱ्यानं मागून मिठी घालून मला खाली पाडलं नसतं, तर मी थांबलो नसतो. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं लागलं?" डोक्याला फडकं दाबून धरत मित्र म्हणाला, "जॅक निसटला, साहेब." माझ्याकडं त्यानं पाहिलंही नाही. पुढं जैसलमेरला ते दोघंच जाऊन आले. डाव्या कानानं त्याला आता ऐकू येत नाही. आम्ही अजून भेटतो, चहा घेतो. माफी मी एकदाच मागितली, तीही मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला बसून.