कपडे जुने करणारी हेझेल

इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सची माणसं कपडे नवे दिसावेत म्हणून जिवाचा आटापिटा करतात; हेझेल ग्रीनवुडचा जन्म ते जुने करण्यात गेला. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले खून दाखवणाऱ्या मालिका टीव्हीवर लागतात ना, त्यातल्या हमालाच्या कोटाची झिजलेली कोपरं, मोलकरणीच्या घागऱ्याला वाळलेला चिखल, खुन्याच्या कॉलरवरचा मळ, हे सगळं हेझेलच्या हातचं. कोरा करकरीत कपडा आला की ती त्याच्यावर चीजची किसणी चालवायची, तारेचा ब्रश फिरवायची, खिशांत दगड भरून तो टांगून ठेवायची. बंद पडलेल्या कापडगिरणीच्या वरच्या मजल्यावर तिची खोली होती. रंगाच्या हंड्यांतून वाफ निघायची, खिडक्या धुरकट व्हायच्या आणि खालचं गाव दिसेनासं व्हायचं.

त्या वाफेत हेझेलची तंद्री लागायची. नुसतं घासून कपडा जुना होत नाही, असं तिचं म्हणणं. आधी तो घालणारं माणूस दिसायला हवं. डोळे अर्धे मिटून ती बसायची आणि माणूस यायचं. हा डाव्या खांद्यावर पोती वाहतो, म्हणजे डावा खांदा विटायला हवा. ही काळजी लागली की बाहीचं टोक चावते. मग हात आपोआप चालायचे. नवरा वारल्यापासून तर ती या कधीच न झालेल्या माणसांतच जास्त राहायची, आणि तिला त्याची खंतही नव्हती.

या खेपेचा दिग्दर्शक खरेपणाचा भारी भोक्ता. शिलाई हाताचीच हवी, बटणं हाडाचीच हवीत. नटांचे दात तेवढे मोत्यांसारखे पांढरे, त्याला कुणाचा इलाज नव्हता. गोष्ट हरवलेल्या मुलीची होती. तिच्यासाठी, त्या काळी लहान मुली फ्रॉकवर घालायच्या तसा झालरीचा एप्रन हवा होता. टेकडीवरच्या थेल्मा बॅराक्लफ या म्हाताऱ्या बाईंकडे खराखुरा निघाला. हेझेल रजेवर असताना त्यांनी तो नमुन्यादाखल दिला. "बघा, मापं घ्या, पण कुणाच्या अंगावर चढवू नका," एवढंच त्यांनी बजावलं. शिवणकाम बघणाऱ्या नसरीनने हाताने हुबेहूब तसाच एक शिवला. मुळातला वाकडा टाकासुद्धा तिने वाकडाच घातला. जुनेपणा यावा म्हणून आपला एप्रन चहाच्या पाण्यातून काढला, दोन्ही शेजारी शेजारी टांगले आणि ती घरी गेली.

हेझेल कामावर परतली तर समोर दोन एप्रन. एक पिवळट, मऊ. दुसरा पांढरा शुभ्र, खळ घातलेला, कडक इस्त्रीचा. यातला नवा कुठला हे विचारायची तिला गरजच वाटली नाही. तिने पांढरा उचलला.

त्या दिवशी तंद्री मोठी गोड लागली. वाफेतून एक मुलगी आली आणि हेझेलने तिला पोटभर जगू दिलं. ती आईशेजारी गुडघे टेकून दारातली पायरी घासायची, म्हणून गुडघ्यांपाशी कापड विरलं. धाकट्या भावंडाला डाव्या कडेवर घेऊन हिंडायची, म्हणून ती बाजू झिजली. ओढ्याकाठी ब्लॅकबेरी खाऊन हात एप्रनलाच पुसायची. काम संपलं तरी हेझेल कितीतरी वेळ त्या कापडावरून हात फिरवत बसली.

दुसऱ्या दिवशी नसरीन आली आणि दारातच थबकली.

"हेझेल, अगं हे काय केलंस?"

"झकास झालाय ना?"

"अगं बाई, हा त्या म्हातारीचा! माझा तो पिवळा!"

हेझेलने पिवळा एप्रन ओढून त्याचे टाके पाहिले. "एवढा पांढरा? तो सव्वाशे वर्षांचा कसा असेल?"

"दर वर्षी धुऊन इस्त्री करतात त्या. सांगायचं राहिलं गं माझं." नसरीन तिच्या शेजारी आली. "हे बघ, माझ्यातला चहा मी धुऊन काढते. खळ घालते. टाका न् टाका सारखा आहे, त्यांना कळायचं नाही."

"मला कळेल ना."

"तुला कळून काय उपयोग? चौऱ्याऐंशीची बाई ती. तिला रडवण्यात कसला आलाय डोंबलाचा खरेपणा?"

नसरीनने आपला एप्रन धुऊन, खळ घालून पांढरा कडक केलाच. शेवटी हेझेलने दोन्ही एप्रन पिशवीत घातले. टेकडी चढताना धुकं इतकं दाट होतं की तिला स्वतःचे पायही धड दिसत नव्हते. बाईंचं दार आलं तरी कुठला द्यायचा ते ठरलं नव्हतं.

बाईंनी इस्त्रीचं टेबल मांडूनच ठेवलं होतं. "वेळेवर आलीस हो पोरी. परवा व्हिटसनचा रविवार."

व्हिटसनला, म्हणजे ईस्टरनंतर सातव्या रविवारी येणाऱ्या सणाला, पोरांना नवे कपडे मिळायचे, ते मिरवत गल्लीभर हिंडायचं आणि शेजाऱ्यांनी कौतुकाने खिशात नाणं टाकायचं. हेझेलनेही लहानपणी नाणी मिळवली होती.

"आमच्या एडासाठी तिच्या आईने शिवला हा," बाई म्हणाल्या. "माझ्या आजीची थोरली बहीण. सात वर्षांची. व्हिटसन चार दिवसांवर आला आणि तापाने गेली गं. अंगाला लागलाच नाही. तेव्हापासून घरातल्या बायका दर व्हिटसनला धुऊन, खळ घालून ठेवतो. तयार असावा, बस."

हेझेलचा हात पिशवीत होता. पांढरा वर होता, कडक, बोटांना लागत होता. तो द्यावा आणि पळून जावं असं तिला फार वाटलं. मग तिने खालचा ओढला आणि टेबलावर पसरला. "बॅराक्लफबाई, मी घाण करून ठेवलीय. नवा समजून जुना केला. हे निघायचं नाही आता." आणि ती रडायलाच लागली.

बाईंचं बोट विरलेल्या जागेवर टेकलं.

"हे कशानं?"

"पायरी घासायची ती," हेझेल हुंदके देत म्हणाली. "आईबरोबर."

"आणि इथे?"

"धाकट्याला कडेवर घ्यायची."

"धाकट्याला नाही, धाकटीला. माझी आजी ती." बोट पुढे सरकलं. "हा डाग?"

"ब्लॅकबेरी."

बाईंनी इस्त्रीचं बटण बंद केलं. "किती वर्षं वापरलेला दिसतो?"

कपडा बघून हेझेलला ते कळायचंच. "पाचेक तरी."

"म्हणजे बारा वर्षांची झाली." बाईंनी एप्रन उचलून उजेडात धरला आणि खालची दुमड चाचपली. "तोकडा होत असेल मग पोरीला. वाढत्या अंगाची म्हणून आईने इथे कापड राखलंय बघ. ती कात्री दे इकडे, उसवू या."